सीडरवुड, देवदार की गंधसरू?

नाशिकच्या शरणपूर रस्त्यावर राहणाऱ्या आणि घरी साबण तयार करून विकणाऱ्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे: "मी साबणात सीडरवुड ऑइल घालते. त्याचे नाव वेष्टनावर मराठीत कसे लिहावे? मुलगी म्हणते, 'देवदार तेल' लिही. आमच्या आजीच्या बायबलमध्ये लबानोनच्या सीडरला 'गंधसरू' म्हटले आहे. दुकानदाराचे म्हणणे, सीडरवुडच राहू द्या. यांतला खरा शब्द कोणता? शिवाय डिसेंबरच्या थंडीत बाटलीच्या तळाशी पांढरे खडे बसले आहेत. तेल भेसळीचे आहे का?"

खड्यांपासून सुरुवात करतो, कारण शब्दाच्या प्रश्नाचे उत्तर शोधायलाही त्यांची मदत होणार आहे. सीडरवुड या एकाच नावाने बाजारात निदान चार निरनिराळ्या झाडांची तेले विकली जातात. हिमालयातील देवदार आणि मोरोक्को-अल्जीरियाच्या अ‍ॅटलास पर्वतातील त्याचा भाऊबंद हे दोघे चीड-पाइनच्या कुळातले, वनस्पतिशास्त्रात ज्याला सेड्रस म्हणतात त्या प्रजातीतले. अमेरिकेतील व्हर्जिनिया सीडर आणि टेक्सास सीडर ही मात्र ज्युनिपरची झाडे असून त्यांचे कूळ सरूचे, म्हणजे सायप्रसचे आहे. या अमेरिकी तेलांत सेड्रॉल नावाचा घटक बराच असतो. शुद्ध रूपात तो पांढरा व स्फटिकमय असतो आणि थंडीत तेलातून वेगळा होऊन तळाशी बसू शकतो. देवदाराच्या तेलात मोठा वाटा असतो तो हिमाचलीन नावाच्या द्रवरूप संयुगांचा. तेव्हा केवळ खडे दिसले म्हणून भेसळीचा संशय घेऊ नये. बाटली कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवावी. मात्र आपले तेल बहुधा देवदाराचे नसून ज्युनिपरचे आहे, असा अंदाज त्या खड्यांवरून बांधता येतो. खात्री करून घ्यायची, तर लेबलावर बारीक अक्षरांत छापलेले लॅटिन नाव पाहावे. तिथे 'सेड्रस देवदारा' असेल तर आपल्या मुलीचे म्हणणे बरोबर आहे, आणि 'ज्युनिपेरस व्हर्जिनियाना' किंवा 'ज्युनिपेरस अ‍ॅशेई' असेल तर माझ्या मते आपल्या आजीच्या बायबलातला शब्द घ्यावा. असे का म्हणतो, ते जरा विस्ताराने सांगतो.

इंग्रजीतील 'सीडर' हा शब्द लॅटिनमार्गे ग्रीक 'केद्रोस'पासून आला. हा ग्रीक शब्द मुळात मुख्यतः ज्युनिपरसाठी वापरात होता आणि पुढे लबानोनच्या उंच वृक्षालाही तो लावला गेला. अमेरिकेत गेलेल्या इंग्रज वसाहतवाल्यांना तिथल्या ज्युनिपरच्या तांबूस, सुवासिक लाकडात ओळखीचा वास आला आणि त्यांनी त्यालाही सीडर म्हटले. म्हणजे या शब्दाने सुरुवातीपासून झाडापेक्षा वासाचा माग अधिक काढला आहे. लाकूड सुवासिक आहे, टिकाऊ आहे आणि त्याला कीड लागत नाही, एवढे जुळले की ते सीडर. त्यामुळे 'सीडर म्हणजे देवदार' हे कोशात शोभणारे समीकरण बाटलीच्या बाबतीत निम्म्या वेळा चुकते.

'गंधसरू' हा शब्द मला फार आवडतो. बायबलच्या मराठी भाषांतरकारांपुढे लबानोनचा वृक्ष उभा होता. शलमोनाने ज्याचे लाकूड मंदिरासाठी आणवले, आणि ९२व्या स्तोत्रात नीतिमान माणसाला ज्याची उपमा दिली आहे, तो हा वृक्ष. त्यासाठी त्यांनी फारसीतून आलेला 'सरू' घेतला आणि त्याला आपला 'गंध' जोडला. फारसी 'सर्व' म्हणजे सायप्रस. सडपातळ, सरळ उंच वाढणारे झाड. कोकण किनाऱ्यावर आपण ज्याला सुरूचे बन म्हणतो, ते झाड वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने सर्वस्वी वेगळे, कॅज्युअरिना. पण नाव तिथेही त्या सडपातळपणामुळेच आले. आता गंमत अशी की लबानोनचा सीडर हा सेड्रस, म्हणजे देवदाराचा सख्खा नातलग; सरूच्या कुळाशी त्याचा संबंध नाही. पण भाषांतरकारांनी घडवलेला 'सुवासिक सरू' हा शब्द अमेरिकी ज्युनिपरला मात्र नेमका बसतो, कारण तो खरोखरच सरूच्या कुळातला, सुगंधी लाकडाचा आहे. नाशिकला, शरणपूरसारखी जुनी ख्रिस्ती वस्ती असलेल्या गावात, हा शब्द घरात ऐकलेली माणसे आजही भेटतात. मराठीत तयार असलेला, अर्थ उलगडून सांगणारा, उच्चाराला सोपा शब्द आपण केवळ बायबलपुरता का ठेवावा?

'देवदार'कडे वळू. संस्कृत 'दारु' म्हणजे लाकूड. तो ऱ्हस्व उकारान्त शब्द आपण सुटा फारसा वापरत नाही, पण दारुहळदीत तो आहे: हळदीसारख्या पिवळ्या लाकडाची ती दारुहळद. फारसीतला त्याचा भाऊ 'दार', आणि फारसी 'दारचीनी' म्हणजे चिनी लाकूड. मराठीत र चा ल होऊन तिची दालचिनी झाली. स्वयंपाकघरातल्या मसाल्याच्या डब्यात देवदाराचा हा नातलग बसलेला आहे, हे लक्षात आले त्या दिवशी मला विलक्षण आनंद झाला होता. मद्याला आपण म्हणतो ती 'दारू' फारसीतील औषधवाचक शब्दातून आली. 'दवादारू'मध्ये तो अर्थ अजून टिकून आहे.

अमरकोशात देवदाराची आणखी सात नावे दिली आहेत: शक्रपादप, पारिभद्रक, भद्रदारु, द्रुकिलिम, पीतदारु, दारु आणि पूतिकाष्ठ. इंद्राचा वृक्ष, मंगल लाकूड, पिवळे लाकूड हे सहज समजते. पण शेवटचे 'पूतिकाष्ठ' म्हणजे चक्क दुर्गंधी लाकूड! एकाच वृक्षाला देवाचे लाकूड आणि घाण वासाचे लाकूड अशी दोन्ही नावे कशी, हे कोडे मला बरीच वर्षे सुटले नव्हते. ते सुटले ते नाकाने. भद्रकालीच्या बाजारातून, काष्ठौषधींच्या दुकानातून आणलेली देवदाराची ढलपी घरी चाकूने तासली आणि शेजारी दोन टिपकागदांच्या पट्ट्यांवर देवदाराच्या व व्हर्जिनिया सीडरच्या तेलाचा एकेक थेंब टाकून ठेवला. देवदाराचा पहिला वास उग्र होता. टर्पेंटाइन, कापूर आणि किंचित आंबूस, चामड्यासारखा काहीतरी दर्प. बायकोने खिडकी उघडली. अर्ध्या तासाने तो दर्प ओसरला आणि खालून राळेचा, मधासारखा गोडसर, कोरड्या लाकडाचा वास वर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टीवर तोच उरला होता, आणि देवघरातल्या जुन्या लाकडी पेटीची आठवण करून देणारा होता. व्हर्जिनियाचा वास मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा, सौम्य: नुकत्याच तासलेल्या पेन्सिलीचा. यात नवल नाही, कारण पेन्सिलींसाठी एके काळी याच झाडाचे लाकूड सर्वाधिक नावाजलेले होते. पूतिकाष्ठ हे नाव ज्याने दिले त्याने पहिला वास टिपला, देवदारु म्हणणाऱ्याने मागे राहणारा, असे मला त्या सकाळी वाटले.

तेल काढण्याची रीत थोडक्यात सांगतो. गाभ्याच्या लाकडाच्या ढलप्या, बुंध्याचे तुकडे किंवा करवतीचा भुसा यांतून वाफ सोडतात. ती वाफ थंड केली की पाण्यावर तेल तरंगते. हिमाचलात आणि उत्तराखंडात लाकूड बंद भांड्यात तापवून काढलेले काळसर, धुरकट वासाचे 'केलोन का तेल' ही वेगळी चीज आहे; ते गुराढोरांच्या त्वचारोगांवर लावतात, साबणात घालायचे नव्हे. महाराष्ट्रातील घरांना देवदार तेलापेक्षा काढ्यातून अधिक ठाऊक होता, कारण बाळंतिणीला देण्याच्या देवदार्व्यादि काढ्यात त्याचे नावच पहिले आहे. सुगंधाच्या धंद्यात ही सगळीच तेले मुख्यतः पाया म्हणून वापरतात: ती सावकाश उडतात आणि लिंबू, लव्हेंडर यांसारख्या चटकन उडून जाणाऱ्या वासांना धरून ठेवतात. लोकरी कपड्यांना कसर लागू नये म्हणून पेटीत सीडरच्या लाकडाचे तुकडे ठेवण्याचा रिवाजही जुना आहे. आणि ज्यांनी महाविद्यालयात सूक्ष्मदर्शक हाताळला आहे, त्यांना सीडरवुड ऑइल आठवत असेल ते शंभरपट भिंगाखाली टाकायच्या थेंबामुळे. या तेलाचा अपवर्तनांक काचेच्या अपवर्तनांकाशी, म्हणजे सुमारे १.५१५ शी, जवळजवळ जुळतो, त्यामुळे काच आणि भिंग यांच्यामधून जाताना प्रकाश वाकत नाही. ते तेलही ज्युनिपरचेच असे.

हिमाचलीन या नावाबद्दल शब्दप्रेमी म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. देवदाराच्या तेलातील या संयुगांची रचना १९६०च्या दशकात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुख देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडली. हिम आणि अचल हे दोन संस्कृत शब्द त्या नावातून जगभरच्या रसायनशास्त्रात गेले, आणि मोरोक्कोच्या अ‍ॅटलास सीडरच्या तेलाचे पृथक्करण करणाऱ्यालाही आज हिमाचलीनच लिहावे लागते.

'देवदार' लिहिताना एक अडचण मात्र ध्यानात ठेवावी. मराठीत 'देवदारी खोके', 'देवदारी फळी' असे आपण सर्रास म्हणतो, आणि मार्केट यार्डात फळांच्या जुन्या पेट्यांनाही हेच विशेषण ऐकले आहे. ते लाकूड सहसा चीड किंवा तशाच एखाद्या हलक्या, स्वस्त झाडाचे असते. खरा देवदार त्याच्या उलट टिकाऊ. काश्मीरचे पूल, हाउसबोटी आणि एके काळी रेल्वेचे स्लीपर त्याचे केले गेले. त्यामुळे नुसते 'देवदारी साबण' लिहिल्यास काही ग्राहकांना खोक्याचे लाकूड आठवेल. 'देवदार तेलाचा साबण' असे सरळ लिहावे. 'देवदारू' हे रूपही शुद्ध आहे, मात्र मराठीच्या नियमाप्रमाणे सुटा शब्द दीर्घान्त, आणि समासात मधला उकार ऱ्हस्व, 'देवदारुवन' असा. बोलीत रुळलेला 'देवदार' मला अधिक बरा वाटतो.

राहिला 'तेल' हा शब्द. मुळात तिळाचे ते तैल, पण आज मराठीत तेल म्हटले की डोक्याला चोळायचे किंवा फोडणीचे आठवते, आणि बाटलीतले हे द्रव विरळ केल्यावाचून त्वचेला लावायचे नसते. म्हणून साबणाच्या वेष्टनावर 'गंधसरूचे सुगंधी तेल' असे पूर्ण लिहावे आणि त्याखाली लहान अक्षरांत 'ज्युनिपेरस व्हर्जिनियाना' हे नाव द्यावे. लेबल पाहिल्यावर तेल अ‍ॅटलासचे निघाले, तर 'अ‍ॅटलास देवदार' म्हणायला हरकत नाही, कारण ते नाते खरे आहे. फक्त ते झाड आता संकटग्रस्त मानले जाते, तेव्हा पुढची बाटली घेताना हिमालयातल्या देवदाराची मागावी.