दिवाळीत फराळ खाऊन वजन वाढू नये म्हणून काय करावं?

फराळ बंद करू नका, वर्षातून एकदा आईच्या हातची चकली मिळते ती खायचीच. फक्त तो चहासोबत एक्स्ट्रा म्हणून नको, नाश्त्याच्या जागी खा. आपल्याकडे होतं काय की सकाळी पोहे होतात, मग फराळ, मग कोणाकडे गेलं की परत ताटली समोर येते आणि रात्री श्रीखंड-पुरी असतेच. तेला-तुपाच्या 1 ग्रॅममध्ये 9 कॅलरी असतात, साखरेत 4, आणि बेसन लाडू, करंजी, अनारसे यात दोन्ही भरपूर.

खरा घात शंकरपाळ्यांचा डबा करतो. येता-जाता मूठभर घेतली जाते आणि ते खाणं मोजलंच जात नाही. म्हणून माझ्या घरी एकच नियम आहे, जे खायचं ते ताटलीत वाढून, बसून खायचं आणि डबा लगेच वरच्या फळीवर. एवढ्यानेच खूप फरक पडला, खरंच करून बघा.

अभ्यंगस्नानाला पहाटे उठताच ना, मग आवरून अर्धा तास चालून या, हवा पण छान असते. जेवल्यावर लगेच आडवं न होता 15 मिनिटं फिरा, शुगर कमी चढते.

आणि भाऊबीजेनंतर काट्यावर 2 किलो जास्त दिसलं तर प्लीज उपाशी राहू नका. 1 किलो चरबी वाढायला साधारण 7,700 कॅलरी जास्तीच्या लागतात, चार दिवसांत वाढलेलं बरंचसं मीठ-साखरेने धरलेलं पाणीच असतं, नेहमीचं भाजी-भाकरी, वरण-भात सुरू झालं की आठवडाभरात उतरतं.