डेबियनची एसएसडी नव्या लॅपटॉपात: जुन्यातून काढण्याआधी हे करा

जुन्या लॅपटॉपमधली डेबियन 12 (लिनक्सचा एक प्रकार) टाकलेली एम.2 एसएसडी, म्हणजे पट्टीसारखी ड्राइव्ह, उचलून नव्यात बसवली तर चालेल, की सगळं पुन्हा टाकावं लागेल, असा तुमचा प्रश्न आहे. चालेल. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, दर बूटला समोर कोणतं हार्डवेअर आहे ते बघूनच ड्रायव्हर उचलतो.

मी हे तीनदा केलंय आणि पहिल्यांदा चांगलाच तोंडावर आपटलोय. ड्राइव्ह बसवली, बटण दाबलं, तर काळ्या स्क्रीनवर एकच ओळ: बूट डिव्हाइस सापडत नाही. एसएसडी मेली असं समजून रात्री साडेबारापर्यंत काढ-घाल करत बसलो. ती ठणठणीत होती! भानगड अशी की, यूईएफआयमध्ये (बायोसची नवी पिढी) 'अमुक फाइलवरून बूट कर' ही नोंद ड्राइव्हवर नसतेच, मदरबोर्डवर असते. ड्राइव्ह काढली तरी नोंद जुन्या मशीनमध्येच राहते. नवं मशीन मग ईएफआय पार्टिशनवर (ड्राइव्हचा बूटच्या फाइलींसाठीचा छोटा भाग) ठरलेल्या एकाच जागी बघतं, 'बूटएक्स64' नावाची फाइल आहे का, आणि डेबियन सहसा आपणहून ती तिथं ठेवत नाही.

तर जुन्या लॅपटॉपवरच, रूट (अ‍ॅडमिन) होऊन 'डीपीकेजी-रीकन्फिगर ग्रब-ईएफआय-एएमडी64' (dpkg-reconfigure grub-efi-amd64) चालवा. बरेच प्रश्न येतील, एंटर मारत सुटू नका. रिमूव्हेबल मीडियाच्या पाथवरही (म्हणजे त्या ठरलेल्या जागी) ग्रब, म्हणजे डेबियन सुरू करणारा प्रोग्राम, टाकू का, असं एके ठिकाणी विचारतं, तिथं 'हो'. हे पॅकेजच नसेल तर तुमचं इन्स्टॉलेशन बहुधा जुन्या बायोस पद्धतीचं आहे. मग ईएफआय पार्टिशन करण्यापासून सुरुवात, तसं असेल तर इथंच सांगा.

दुसरं, डेबियन 12 चा मूळ कर्नल 6.1 आहे, 2022 च्या डिसेंबरातला. लॅपटॉप त्यानंतरचा असेल तर वायफाय नाहीतर ग्राफिक्स रुसू शकतं. बॅकपोर्ट्समधला (डेबियन 12 साठी नव्या आवृत्त्या देणारा साठा) कर्नल आणि फर्मवेअर आधीच टाकून ठेवा. नेट नसलेल्या मशीनवर वायफायचा ड्रायव्हर शोधण्यासारखा वैताग नाही.

एफस्टॅबमध्ये (बूटला कोणती पार्टिशनं जोडायची त्याची यादी) सहसा यूयूआयडीच, म्हणजे पार्टिशनचे कायमचे ओळख क्रमांक, असतात, हातानं 'एसडीए' वगैरे लिहिलं असेल तेवढं बदला.

एसएसडीच्या जोडणीच्या कडेवरच्या खाचा मोजा. दोन असतील तर ती बहुधा साटा (जुन्या पद्धतीची) आहे, आणि आजकाल बरेच स्लॉट फक्त एनव्हीएमई (नवी, वेगवान पद्धत) घेतात. तिथं ती दिसणारच नाही. एक खाच असेल तर बहुतेक निभावतं. बसवताना तिरकी घालून मग दाबायची. तो तांदळाएवढा स्क्रू वाटीत ठेवा, माझा सोफ्याखाली गेला तो गेलाच.

एवढं करूनही ड्राइव्ह दिसली नाही तर बायोसमध्ये स्टोरेजची पद्धत 'रेड' किंवा 'व्हीएमडी'वर आहे का बघा, असेल तर ती साधी 'एएचसीआय' करा. मात्र कंपनीनं दिलेली विंडोजची ड्राइव्ह परत लावाल तेव्हा हे सेटिंग आधी पूर्ववत करा, नाहीतर विंडोज निळा स्क्रीन दाखवेल.