हेल्मेटखालचा चेहरा

कामगारांचे फोटो काढताना नवख्यांचं पहिलं चुकतं ते हेल्मेटपाशी. भर दुपारी त्याच्या कडेची सावली डोळ्यांवर पडते आणि ज्याच्यासाठी फोटो काढायचा, तो चेहराच काळा येतो. सकाळचं तिरपं ऊन धरा. पांढरं हेल्मेट कॅमेऱ्याच्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरला फसवतं, म्हणून स्पॉट मीटरिंग, म्हणजे एका लहानशा भागापुरतं प्रकाशाचं मोजमाप, थेट गालावर. गवंडी थापीने गिलावा मारत असेल तर शटर 1/500 सेकंद. उडणारा माल हवेत स्पष्ट दिसतो. हातांचा एक फोटो जवळून घ्याच, नखांतल्या सिमेंटसकट. साइटवर लेन्स बदलू नका. लेन्सवरची धूळ आधी ब्लोअरने, म्हणजे हवा मारायच्या रबरी फुग्याने, उडवा, कोरडी पुसलीत तर काचेवर ओरखडे पडतील. परवानगी मुकादमाची घ्याच, पण त्या माणसाचीही घ्या. नाव त्यालाच विचारून लिहा, आणि प्रिंट काम संपायच्या आत त्याच्या हातात द्या. नंतर तो तिथे सापडत नाही.