अजगरानं धरलं तर रोल कुणी मारायचा?

अरे भावा, डी अँड डी, म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून खेळायचा गोष्टीचा गेम, त्याच्या प्रत्येक टेबलावर हे भांडण एकदा होतंच, आणि आपल्या कोल्हापुरात जरा जास्तच होतं, कारण इथं धराधरी म्हटलं की प्रत्येकाच्या डोळ्यापुढं खासबागचं कुस्तीचं मैदानच येतं. तू डीएम, म्हणजे गेम चालवणारा, आणि तू लिहिलंयस की जायंट कन्स्ट्रिक्टर स्नेकनं (महाकाय अजगरानं) एका प्लेअरच्या बार्बेरियनला, म्हणजे त्याच्या लढवय्या पात्राला, विळखा घातला, तू म्हणालास 'हिट झालं, पकडला गेलास', आणि प्लेअर म्हणाला छे, आधी माझा ॲथलेटिक्सचा (ताकदीच्या कौशल्याचा) रोल, म्हणजे वीस बाजूंचा फासा, होऊ दे, पुस्तकात तसंच लिहिलंय. आणि मग सेशन तिथंच बसलं. तुम्ही डी अँड डीचं २०१४ वालं पाचवं एडिशन खेळताय असं धरून सांगतो.

तू बरोबर होतास. तो दाखवतोय तो नियम प्लेअर्स हँडबुकातला, म्हणजे साध्या माणसानं हातानं कुणाला धरायचा. धरणारा ॲथलेटिक्स मारतो, समोरचा ॲथलेटिक्स नाहीतर ॲक्रोबॅटिक्स (चपळाई), ज्याचा मोठा त्याचं खरं. एखाद्या ओगरनं हातातली गदा टाकून तुमच्या विझर्डची (जादूगाराची) मान धरली तर हाच नियम, कारण ओगरच्या स्टॅट ब्लॉकात (मॉन्स्टरच्या आकड्यांच्या चौकटीत) पकडीचा हल्लाच नाही. पण अजगराच्या ब्लॉकात सरळ लिहिलंय की कन्स्ट्रिक्ट (विळखा) लागला की समोरचा ग्रॅपल्ड (पकडलेला), एस्केप डीसी १६, म्हणजे सुटायला रोल १६ किंवा जास्त. मॉन्स्टर मॅन्युअलच्या सुरवातीची पानं कुणी वाचत नाही, सगळे थेट ड्रॅगनवर जातात, पण तिथंच सांगितलंय की असा हल्ला लागला की वेगळा रोल नाही, सुटायला त्या आकड्यावर मारायचं, आणि आकडा दिला नसेल तर १० अधिक मॉन्स्टरचं ॲथलेटिक्स. धरताना एसी (हल्ला लागायला गाठावा लागतो तो आकडा) हाच धरल्या जाणाऱ्याचा बचाव, तो गाठला की झालं.

आता खरी गंमत. आमच्या टेबलावर एक पोरगा आहे, लहानपणी तालमीत जायचा, त्यानं तर उलटंच भांडण काढलं होतं. म्हणाला धरलेला गडी कुऱ्हाड कशी फिरवेल, पट काढून खाली घेतलेला पैलवान कधी हात चालवतोय का? लई वेळ गेला त्याला समजवायला. ग्रॅपल्ड म्हणजे फक्त स्पीड शून्य, बास. हात मोकळे, हल्ला पूर्ण, जादू पूर्ण. खडाखडीत मनगट धरलंय तेवढंच समज. खाली घेऊन वर बसलाय ती अवस्था म्हणजे रिस्ट्रेन्ड, आणि ती वेगळी कंडिशन आहे: तुझ्या हल्ल्याला डिसॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून लहान धरायचा), तुझ्यावरच्या हल्ल्याला ॲडव्हान्टेज (दोनातला मोठा), डेक्सच्या (चपळाईच्या) सेव्हला, म्हणजे वाचायच्या रोलला, पण डिसॲडव्हान्टेज. अजगर, मगर, जायंट ऑक्टोपस ह्यांच्यात ग्रॅपलबरोबर रिस्ट्रेन्ड पण येतं, जायंट क्रॅबच्या नांगीत येत नाही, फक्त पकड. म्हणून मॉन्स्टरचं नाव बघून ठरवू नको, ती ओळ वाच. माणसानं माणसाला तसं दाबायचं तर ग्रॅपलर नावाचं फीट (पात्राला घ्यायचं खास कसब) लागतं, आणि त्यात दाबणारा स्वतः पण रिस्ट्रेन्ड होतो. चितपटला तर नियमच नाही, आमच्या पैलवानाला ह्याचं अजून वाईट वाटतं. (२०२४ च्या हँडबुकात ग्रॅपल्ड जरा जड केलंय, ज्यानं धरलंय तो सोडून दुसऱ्या कुणावर मारायचं तर डिसॲडव्हान्टेज, आणि धरताना समोरासमोर रोलच्या जागी स्ट्रेंथ किंवा डेक्सचा सेव्ह. दोन्हीची खिचडी करू नका.)

तुझी एक चूक मात्र झाली, रागवू नको. दर राउंडला आपोआप डॅमेज देत होतास म्हणालास ना, तसं नाहीये. अजगराला त्याच्या पाळीला परत ॲटॅक रोल मारायचाय, ॲडव्हान्टेज मिळेल, लागला तर २डी८+४ डॅमेज (आठ बाजूंचे दोन फासे, अधिक ४). धरलेलं असताना दुसऱ्याला विळखा घालता येत नाही, पण दुसऱ्याला चावता येतं, फक्त ॲक्शन एकच असल्यामुळं आवळायचं का चावायचं ते एक काहीतरी.

ओढून न्यायचं विचारलंयस. एरवी धरलेल्याला ओढताना स्पीड अर्धा होतो, पण धरलेला दोन साईझ लहान असेल तर होत नाही. जायंट कन्स्ट्रिक्टर ह्यूज, माणूस मीडियम, म्हणजे तो तुमच्या बार्बेरियनला घेऊन पूर्ण ३० फूट पाण्यात जातो. मी असतो तर पहिल्या राउंडलाच नेला असता.

सोडवायचं कसं? सुटायचा प्रयत्न म्हणजे अख्खी ॲक्शन जाते. +५ ॲथलेटिक्सवाल्याला ११ पडायला पाहिजे, म्हणजे निम्मा चान्स, आणि +० च्या विझर्डला १६, म्हणजे चारात एक. बाजूच्यानं हेल्प केलं तर ॲडव्हान्टेज. मिस्टी स्टेप (इथून गायब होऊन तिथं निघायची जादू) असेल तर प्रश्नच मिटला, बोनस ॲक्शन (ॲक्शन सोडून जादा छोटी चाल) आणि नुसतं तोंडानं बोलायचं. थंडरवेव्ह ह्या ढकलणाऱ्या जादूनं अजगर १० फूट मागं गेला तर पकड सुटते, पण तिच्या टप्प्यात बार्बेरियन पण आला तर दोघांचे सेव्ह बघावे लागतील. अजगराला शव्ह करायला जाऊ नका, मीडियमला ह्यूज ढकलता येत नाही. त्यापेक्षा आपल्याच माणसाला ढकला! इथं मात्र पुस्तक अंधारात सोडतं, कारण अजगराचा चावा १० फुटांपर्यंत पोचतो आणि विळखा ५ फुटांपर्यंतच, मग ५ फूट ढकलला तर सुटला का? नियमात धरणाऱ्याची किंवा धरणाऱ्या इफेक्टची रीच (पोच) असं दोन्ही लिहिलंय. मी विळख्याचे ५ फूट धरतो, कारण धरलंय विळख्यानं, दातानं नाही. तुला १० धरायचे तर धर, पण गेमच्या आधी सांग, बार्बेरियन पाण्याखाली गेल्यावर नको.