नागपुरातून समुद्र बघताय? आधी एवढंच करा
समुद्र लांब आहे म्हणून अडत नाही भाऊ, उपग्रहाला नागपूर काय नि रत्नागिरी काय! फक्त अरबी समुद्र घ्या. जानेवारी आणि जुलैचे वारा नि लाटांचे मासिक सरासरी उपग्रह-नकाशे शेजारी ठेवा. जानेवारीत ईशान्येचा मवाळ वारा. जुलैत सोमालियाकडून सुटलेला नैर्ऋत्येचा जोरकस पट्टा, लाटाही उंच.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- एका दिवसाच्या नकाशावरून ऋतू ठरवतात.
- वारा पडला म्हणजे लाट नाही, असं धरतात. एप्रिल-मेमध्ये केरळच्या किनाऱ्यावर चढणारं पाणी बरेचदा पार दक्षिणेकडच्या महासागरातल्या वादळांनी पाठवलेलं असतं; स्थानिक वारा शांतच.

किनाऱ्यालगतचे आकडे तूर्त सोडा, जमिनीमुळे ते बिघडतात. समुद्र टिपणाऱ्या ओशनसॅट-३ या भारतीय उपग्रहाचा वाऱ्याचा डेटा इस्रोच्या मोसडॅक या संकेतस्थळावर मिळेल. स्कॅटरोमीटरचं, म्हणजे उपग्रहावरच्या वारा मोजणाऱ्या रडारचं, गणित? पुढच्या पावसाळ्यात बघू.