सीतेची वेणी: मातीतून काढा, फांदीवर बांधा

वादळात मोडलेल्या आंब्याच्या फांदीवरचं सीतेच्या वेणीचं झाड (हे एक ऑर्किड) तुम्ही सावंतवाडीच्या घरून पुण्याला आणलंत, माती-शेणखताच्या कुंडीत लावलंत. आता पानं सुरकुतलीत म्हणून पाणी वाढवू का, असं विचारताय. पाणी अजिबात वाढवू नका. आधी झाड कुंडीतून बाहेर काढा. पानं सुरकुततायत ती तहानेने खरी, पण मुळंच कुजल्यामुळे पाणी वर चढत नाहीये.

तुम्ही टाकलेल्या फोटोवरून ही र्‍हिंकोस्टायलिस रेटुसाच (हे सीतेच्या वेणीचं शास्त्रीय नाव) वाटते. पट्ट्यासारखी जाड पानं, टोकाला तिरपी खाच. फूल आलं की खात्री होईल: दांडा खाली लोंबतो आणि पांढरी, जांभळ्या ठिपक्यांची फुलं त्याला चौफेर गच्च लागतात. एरिडिस या दुसऱ्या ऑर्किडलाही काही जण हेच नाव देतात, पण तिचा तुरा इतका दाट नसतो. आसामात बिहू नाचणाऱ्या मुली अंबाड्यात माळतात ते कोपौ फूल म्हणजे हीच. तिथे ती एप्रिलमध्ये फुलते, आपल्याकडे साधारण मे-जूनमध्ये.

हे बांडगूळ नव्हे. गावाकडे अजूनही बांडगूळ समजून कोयत्याने साफ करतात, बघून जीव हळहळतो. ती आंब्याच्या नाहीतर ऐनाच्या सालीला फक्त धरून राहते. झाडाकडून काही घेत नाही. मुळांवर मृत पेशींचं जाड आवरण असतं, त्याला वेलामेन म्हणतात. पाणी मिळालं की ते शोषून घेतं आणि मूळ हिरवट दिसतं, वाळलं की परत चंदेरी. हे ओलं होणं आणि वाळणं रोज व्हायला हवं. कुंडीतल्या मातीत मुळं वाळतच नाहीत.

आता काय करायचं? माती धुऊन टाका. मूळ बोटांनी हलकं दाबून बघा. टणक असेल तर ठेवा, पिचपिचीत असेल किंवा साल सुटून आत नुसता दोरा राहिला असेल तर कापा. ब्लेड आधी स्पिरिटने पुसा. कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावा आणि दोन-तीन दिवस सावलीत, पाणी न घालता टांगून ठेवा. जुन्या सालीला चिकटलेली मुळं ओढू नका, तो सालीचा तुकडा तसाच राहू दे.

मग आंब्याची किंवा सागाची खडबडीत फांदी घ्या. पेरू, निलगिरी नको, त्यांची साल सोलून पडते. झाड सुती दोरीने घट्ट बांधा, हलता कामा नये. हलत राहिलं की नव्या मुळाचं टोक घासतं आणि ते चिकटत नाही. शेंडा जरा बाजूला कललेला ठेवा, म्हणजे पानांच्या बेचक्यात पाणी साचत नाही. पावसाळ्यात झाडं बहुतेक तिथूनच सडतात. नारळाचा काथ्या अगदी थोडा, मुळांच्या मागे. वरून झाकायचं नाही. सोसायटीत आंब्याचं झाड असेल तर सरळ त्यावरच बांधा. फांदीपेक्षा ते केव्हाही बरं.

सकाळचं कोवळं ऊन, नंतर पन्नास टक्के शेडनेट. पानं गडद हिरवी आणि लुळी असतील तर उजेड कमी पडतोय. जरा पिवळसर हिरवी झाली तर घाबरू नका. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी मारा, पावसात भिजत असेल तर काहीच नको. थंडीत मात्र हात आखडता घ्या, आठवड्यातून दोनदा पुरे. हा कोरडा काळ मिळाला नाही तर नुसती पानं वाढतात, फुलं येत नाहीत. बोअरचं पाणी जड असेल तर मुळांवर क्षार बसतात, पावसाचं साठवून वापरा.

खत फक्त मुळांची टोकं हिरवी, वाढती दिसतील तेव्हा: 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत), लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा फवारून. शेणखत विसरा. पावसाळ्यात गोगलगायींवर लक्ष ठेवा, रात्रीत कोवळी टोकं फस्त करतात.

पुढच्या मोसमात बहुधा फूल येणार नाही. मुळं हलवलेली हिला सोसत नाहीत, आणि तुम्ही दोनदा हलवताय. म्हणूनच इथे तुमच्या प्रश्नाखाली कुणीतरी सुचवलंय तसं घाटातल्या रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून दुसरं झाड घेऊ नका. ती जंगलातून ओरबाडलेली असतात, मुळं तुटलेली, बहुतेक वर्षभरात मरतात. राखीव जंगलातून परवानगीशिवाय झाड उचलणं गुन्हा आहे ते वेगळंच. आणि जंगलात नवं रोप तयार होणं फार सावकाश. बी धुळीइतकं बारीक, त्यात साठवलेलं अन्नच नाही, योग्य बुरशी भेटली तरच रुजतं. दुसरं हवंच असेल तर प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेली रोपं विकणारी नर्सरी शोधा. फुलायला काही वर्षं जातील, पण रोप टिकेल.

मुळं कापून झाली की बांधण्याआधी एक फोटो टाका, शेंड्याचा, अगदी जवळून. बेचक्यात काळा डाग असेल तर आधी बुरशीनाशकाचं बघावं लागेल.