सुरुवात २१४७४८३६४७ पासून कर

एखादी संख्या मूळ आहे का हे तपासायला शिकायचंय, तर चार कोटी अंकांच्या मूळ संख्येमागे आत्ताच धावू नकोस. २^३१ − १, म्हणजे २१४७४८३६४७, घे. ऑयलरने १७७२ मध्ये ती मूळ असल्याचं दाखवलं, तेही हाताने.

वर्गमूळ ४६३४० च्या जरा पुढे. तिथवर सगळ्या मूळ संख्यांनी भागत बसलास तर जन्म जाईल. पण p विषम मूळ असेल तर २^p − १ च्या प्रत्येक मूळ विभाजकाला २p ने भागल्यावर बाकी १ उरते, आणि ८ ने भागल्यावर १ किंवा ७. आपल्या संख्येसाठी दोन्ही अटी एकत्र केल्या की फक्त २४८k + १ आणि २४८k + ६३ (k पूर्णांक) हे प्रकार उरतात. पावणेचारशेच्या आत काम उरकतं! आधी २०४७ वर, म्हणजे २^११ − १ वर, हे पडताळून बघ: २३ × ८९, म्हणजे २२ + १ आणि ८८ + १. विभाजकांच्या या नियमाची सिद्धता मात्र स्वतः लिही, नुसती वाचू नकोस.

फर्माची चाचणी (२^(n − १) ला n ने भागून बाकी १ येते का ते बघणं) २ हा पाया घेऊन लावू नकोस. घातांक मूळ असला की अशी संख्या ती चाचणी पास होतेच, अगदी २०४७ सुद्धा. त्यापेक्षा २^p − १ साठीच असलेली लुकास-लेमर चाचणी शिक: ४ पासून सुरू, दरवेळी वर्ग करून २ वजा, मग त्या संख्येने भागून बाकी. ३१ साठी, म्हणजे २^५ − १ साठी, ४, १४, ८, ०: तीन पायऱ्या. शून्य आलं, म्हणजे मूळ. २१४७४८३६४७ साठी अशा २९ पायऱ्या लागतात. प्रोग्राम लिहिशील तेव्हा वर्ग ६४ बिटांत ठेव, ३२ बिटांत मावणार नाही.